एक तासाचा ढग आणि चाळीस दिवसांची लाट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वर्धा येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 अशा प्रसंगी तालीम, शिस्त आणि एकी यांवर बोलण्याचा रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या परवानगीने मी आज पावसावर बोलणार आहे. तालमीचा आणि पावसाचा काय संबंध, असे कुणी विचारील. तो संबंध मी माझ्या घरातच पाहिला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

समुद्रपूर तालुक्यातील एका खेड्यात आमची आठ एकर कोरडवाहू जमीन होती. एका वर्षी रोहिणी संपता संपता दुपारी आभाळ काळेभोर झाले, विजा कडाडल्या, आणि तासाभरात शिवारात पाणी साचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. गावात सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता, "मिरग लागला!" अब्बांनी तिफण बाहेर काढली. बी उसनवारीवर आणले होते, ते जमिनीत गेले. त्यानंतर अठरा दिवस आभाळातून थेंब पडला नाही. उगवलेली पऱ्हाटी करपली. दुबार पेरणीसाठी पुन्हा पैसा उभा करावा लागला, आणि घरात पहिली काटकसर जेथे झाली ती जागा म्हणजे माझ्या आपाची शाळा. ती सातवी पास झाली होती. वर्गात पहिली येत असे. "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी पाहू," असे अब्बा म्हणाले. ते पुढचे वर्ष आले नाही.

अब्बांचा त्यात दोष होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि आभाळाने सांगितले ते ऐकले. परंतु आपल्या डोक्यावरचे आभाळ पुरी गोष्ट सांगत नाही. उरलेली गोष्ट हजारो मैल दूर, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर चाललेली असते. ती काय असते, हे आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम गडगडाटी पावसाचा ढग घेऊ. मे महिन्यात वर्ध्याची काळी जमीन भट्टीसारखी तापते. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. वर चढणारी हवा थंड होते, आणि तिच्यातील बाष्पाचे बारीक जलकण बनतात. हाच ढग. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. पाण्याची वाफ करायला जशी चूल पेटवावी लागते, तशी वाफेचे पुन्हा पाणी होताना ती चुलीची उष्णता परत मिळते. तिला सुप्त उष्णता म्हणतात. ही उष्णता मिळाली की ढगातील हवा आणखी हलकी होते, आणखी वर चढते, आणि पाहता पाहता बारा ते पंधरा किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो.

विद्यार्थी मित्रांसाठी एक हिशेब सांगतो. एक चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे अडीचशे एकर शिवार. त्यावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते एक कोटी लिटर. एवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती जवळजवळ ७० लाख युनिट विजेइतकी असते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या ७० हजार घरांना ती एक महिना पुरेल. एका गावच्या शिवारावर, एका तासात, एवढी शक्ती आकाशात मोकळी होते.

परंतु हा मनोरा फार काळ टिकत नाही. पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते. पावसाआधी जो गार वारा धूळ उडवीत येतो तो हाच. ही थंड हवा जमिनीवर पसरली की वर चढणाऱ्या गरम हवेचा पुरवठा तुटतो. ढग स्वतःच्या पावसाने स्वतःची चूल विझवतो. सुट्या ढगाचे आयुष्य तास-दीड तासापेक्षा जास्त नसते. त्यामुळेच सेलूला पाऊस आणि देवळीला ऊन असा प्रकार आपण नेहमी पाहतो.

आता प्रश्न असा की, ढग तासाभरात मरत असेल, तर जुलैमध्ये चार-चार दिवस झड कशी लागते? आणि कधी कधी ऐन श्रावणात तीन-तीन आठवडे उघडीप का पडते? जमीन तीच, सूर्य तोच, समुद्र तोच. तरी पंधरा दिवस ओले आणि पंधरा दिवस कोरडे असे का होते?

याचे उत्तर लाटांमध्ये आहे. लाट म्हटले की आपल्याला पाणी आठवते. परंतु मला आठवतो तो माघातला गहू. ओंब्या भरलेल्या शेतावरून वारा गेला की एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट सरकत जाते. काडी आपली जागा सोडत नाही. ती फक्त वाकते आणि उठते. सरकते ती लाट. वातावरणातही अशाच लाटा असतात, फक्त त्यांची लांबी हजारो किलोमीटर असते. लाटेच्या एका भागात हवा हळूहळू वर उचलली जाते, दुसऱ्या भागात हळूहळू खाली दाबली जाते. हे उचलणे इतके सावकाश असते की आपल्याला ते जाणवत नाही. परंतु ढगाला ते जाणवते.

कसे, ते पाहा. पावसाळ्यातील उघडिपीचे दिवस आठवा. दुपारी घामाच्या धारा लागतात, कापसासारखे पांढरे ढग डोके वर काढतात, आता बरसेल असे वाटते. आणि चार वाजता ते विरून जातात. जमिनीजवळ ऊन असते, दमटपणाही असतो. मग उणे काय असते? वरच्या तीन ते सहा किलोमीटरच्या थरातील हवा कोरडी असते. वाढणारा ढग भोवतालची हवा आत ओढून घेतो. ती कोरडी असेल तर ढगाचे जलकण तिच्यात सुकून जातात, जसे ओले फडके वाळत्या वाऱ्यात सुकते. याउलट लाटेच्या उचलणाऱ्या भागात खालचे बाष्प हळूहळू वर पोचते, मधला थर दमट होतो, आणि त्या हवेत वाढणारा ढग सुकत नाही. तो पुरा वाढतो, मरताना आपले बाष्प मागे ठेवून जातो, आणि त्या बाष्पावर पुढचा ढग पोसला जातो. ढगाचे आयुष्य तासाचेच राहते. परंतु एकामागून एक ढग येत राहतात. झड लागते ती अशी.

येथपर्यंत मी लाट ढगावर काय करते ते सांगितले. परंतु ढगही लाटेवर उपकार करतात. मघाशी सांगितलेली ७० लाख युनिटांची गोष्ट आठवा. असे हजारो ढग एकाच प्रदेशात एकत्र आले तर तेथे हवेच्या वरच्या थरांत प्रचंड उष्णता ओतली जाते. त्यामुळे खालचा दाब घटतो, भोवतालचे वारे तिकडे धावतात, आणि त्यांच्याबरोबर आणखी बाष्प येते. म्हणजे लाट ढगांना वाढवते आणि ढग लाटेला चालवतात. आधी लाट की आधी ढग हा वाद आधी कोंबडी की आधी अंडे यासारखाच आहे. दोघांची सोबत आहे, आणि ती सोबत जेथे जमते तेथे पाऊस.

ही गोष्ट माणसाला कशी कळली तेही ऐकण्यासारखे आहे. १९६६ साली तारो मात्सुनो या जपानी शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून दाखवले की विषुववृत्तालगतच्या वातावरणात काही ठरावीक प्रकारच्या लाटा असल्याच पाहिजेत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो बाक मिळतो तो उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे असतो, आणि विषुववृत्तावर तो शून्य असतो. त्यामुळे विषुववृत्त हा लाटांसाठी जणू पाटाचा मधला प्रवाह ठरतो. लाटा त्याला धरून चालतात. त्यांपैकी काही पूर्वेकडे जातात, त्यांना केल्व्हिन लाटा म्हणतात. काही पश्चिमेकडे जातात, त्यांना रॉस्बी लाटा म्हणतात. १९९९ साली मॅथ्यू व्हीलर आणि जॉर्ज किलाडिस यांनी उपग्रहांनी टिपलेल्या अनेक वर्षांच्या ढगांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्ण कटिबंधातील वादळी ढगांचे समूह मात्सुनोंच्या लाटांप्रमाणेच सरकत असल्याचे स्पष्ट झाले. मात्र ढग घेऊन चालणारी लाट कोरड्या लाटेपेक्षा सावकाश चालते. कारण वर चढणारी हवा थंड होऊन मागे खेचली जाते, तेव्हाच लाटेला जोर मिळतो; आणि ढगांची उष्णता नेमकी तीच थंडी भरून काढते. ओझे वाहणारी बैलगाडी रिकाम्या गाडीपेक्षा हळू चालावी, तसे.

या सर्व हालचालींत आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी जी आहे ती मात्र १९७१ साली वेगळ्याच वाटेने सापडली. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ कँटन नावाचे एक चिमुकले प्रवाळबेट आहे. तेथून रोज हवामानाचे फुगे आकाशात सोडले जात. त्या फुग्यांच्या जवळजवळ दहा वर्षांच्या नोंदी अमेरिकेतील रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोन शास्त्रज्ञांनी संगणकाने तपासल्या. वाऱ्याचा जोर आणि हवेचा दाब दर चाळीस ते पन्नास दिवसांनी वरखाली होतो, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, त्यांनी दाखवून दिले की ही केवळ त्या बेटाची गोष्ट नाही. पृथ्वीच्या कमरेभोवती फिरणारी ही एक प्रचंड हालचाल आहे. आज तिला त्या दोघांच्या नावाने मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात. मात्सुनोंच्या यादीत ती बसत नाही, आणि ती नेमकी कशामुळे चालते यावर शास्त्रज्ञांत अजूनही चर्चा आहे. मुलांनो, हे मुद्दाम सांगतो. जगातील सर्व प्रश्न कुणीतरी सोडवून ठेवले आहेत असे समजू नका. तुमच्या वाट्याचे प्रश्न शिल्लक आहेत.

हे आंदोलन म्हणजे हजारो किलोमीटर रुंदीचा ढगांचा पट्टा. तो साधारणपणे हिंदी महासागरावर जन्म घेतो आणि इंडोनेशियाकडे, तेथून प्रशांत महासागराच्या उबदार पाण्याकडे सरकतो. वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराएवढा. त्याच्या मागेपुढे कोरडा पट्टा असतो. ही फेरी तीस ते साठ दिवसांत होते. १९८८ साली नाकाझावा या जपानी शास्त्रज्ञाने उपग्रह-चित्रांत आणखी एक नवल पाहिले. मोठा पट्टा पूर्वेकडे जात असतो, परंतु त्याच्या पोटातील ढगांचे लहान समूह एक-दोन दिवस जगून पश्चिमेकडे सरकतात. नवे समूह पूर्वेच्या अंगाला जन्मतात, म्हणून पट्टा पूर्वेला जातो. उरुसात संदलची मिरवणूक पुढे जात असते, पण वाटेतली माणसे तिच्यात मिसळतात आणि मागे आपल्या घरी परततात, तसेच हे आहे. माणसे बदलतात, मिरवणूक तीच राहते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात ही लाट केवळ पूर्वेला जात नाही. तिचा एक फाटा उत्तरेकडे सरकतो. याचा शोध घेण्यात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९६२ साली उष्णप्रदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. तेथील एच. एन. भालमे यांनी टी. एन. कृष्णमूर्ती यांच्यासह १९७६ साली मान्सूनमध्ये दहा ते वीस दिवसांची एक चढउतार दाखवली. १९८० साली त्याच संस्थेचे डी. आर. सिक्का आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेतील सुलोचना गाडगीळ यांनी दररोजच्या उपग्रह-चित्रांवरून ढगांचा पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते पाहिले. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा नवा पट्टा उगवतो, तो उत्तरेकडे चढत भारतावर येतो, आणि काही आठवड्यांनी मागून दुसरा निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. सुलोचनाबाई पुण्याच्या. एका मराठी मुलीने विज्ञान शिकून मान्सूनचे असे मर्म उलगडले, हे आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

हा पट्टा दररोज सुमारे एक अक्षांश, म्हणजे शंभर-एकशे दहा किलोमीटर, उत्तरेकडे सरकतो. आपले वर्धा २० अंश ४५ कलांच्या आसपास आहे. म्हणजे विषुववृत्ताजवळ निघालेले हे आभाळ आपल्या दाराशी यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. आपण गिरडच्या टेकडीवर, बाबा फरीद यांच्या दर्ग्यापाशी उभे राहून क्षितिजावर ढग पाहतो, तेव्हा त्याची तयारी कितीतरी आधी, कितीतरी दूर झालेली असते.

पट्टा आपल्यावर आला की काय होते? बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे एकापाठोपाठ एक तयार होऊ लागतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे किंवा मध्य प्रदेशाकडे येतात. अशी क्षेत्रे या ओल्या काळात कोरड्या काळापेक्षा सुमारे साडेतीन पट अधिक असतात, असे बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले. एकेक क्षेत्र दोन-तीन दिवसांची झड देऊन जाते. धाम, बोर, वेणा या नद्या दुथडी भरतात. पट्टा उत्तरेला निघून गेला की मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग तिकडे पूर येतात आणि आपण आभाळाकडे पाहत राहतो. यालाच पावसातील खंड म्हणतात.

हे सर्व घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ध्यानात ठेवावे. सेकंदकाटा म्हणजे तासाभराचा गडगडाटी ढग. मिनिटकाटा म्हणजे चार-पाच दिवसांचे कमी दाबाचे क्षेत्र. तासकाटा म्हणजे तीस ते साठ दिवसांची लाट. आपले लक्ष नेहमी सेकंदकाट्याकडे जाते, कारण तोच आवाज करतो, तोच पळतो. परंतु किती वाजले हे तासकाट्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, "गरजेल तो पडेल काय?" या म्हणीत बराच अनुभव साठला आहे. मान्सूनच्या ओल्या काळातील संततधार पावसात गडगडाट कमी असतो. मृगापूर्वीच्या वळवात आणि खंडाच्या काळात जे सुटे ढग येतात त्यांच्यात विजा अधिक असतात. म्हणून जो पाऊस फार मोठा आवाज करून येतो, त्याला लगेच मान्सून समजू नये. अब्बांना फसवले ते याच आवाजाने.

लाट रुसली म्हणजे काय होते याची उदाहरणे अलीकडचीच आहेत. २००२ सालच्या जुलैत देशभर सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला आणि पूर्ण हंगाम १९ टक्के तुटीचा गेला. २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तूट होती ३६ टक्के. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता आणि मॅडन-ज्युलियन आंदोलनाची साथही मिळाली नाही. सोयाबीन फुलावर असताना आभाळ मोकळे राहिले. नंतर सप्टेंबरमध्ये उपसागरात पुन्हा कमी दाबाची क्षेत्रे उठली आणि त्या महिन्यात देशात सरासरीच्या ११३ टक्के पाऊस झाला. २३ सप्टेंबरच्या पहाटे शेजारच्या नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून वस्त्या पाण्यात गेल्या. एकाच हंगामात करपणे आणि बुडणे दोन्ही घडले. हंगामाची सरासरी ९४ टक्के, म्हणजे कागदावर फारसे वाईट नाही. परंतु पीक सरासरीवर जगत नाही. ते पंधरवड्यावर जगते.

आता व्यवहाराकडे येतो. एखादा ढग कोणत्या शिवारावर फुटेल हे आठवडाभर आधी कुणीही सांगू शकत नाही. ज्याचे आयुष्यच तासाचे, त्याचे भविष्य तरी किती लांबचे सांगणार? परंतु लाट आठवडेच्या आठवडे जगते, म्हणून पुढचा पंधरवडा ओला जाईल की कोरडा, हे बऱ्याच अंशी सांगता येते. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातील पहिले दोन आठवडे अधिक भरवशाचे असतात. हा अंदाज म्हणजे हमी नव्हे. ती शक्यता आहे. परंतु उसनवारीच्या बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी शक्यता जाणून घेणे हा शहाणपणा आहे. त्याला कृषी खात्याच्या सल्ल्याची जोड द्यावी: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी. घरात मोबाईल असतोच. त्यावर गुरुवारचा अंदाज वाचून दाखवण्याचे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने करावे.

विजेबाबतही दोन शब्द. दरवर्षी विदर्भात शेतात काम करणारी माणसे आणि जनावरे विजेने दगावतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये, मग ते निंबाचे असो की चिंचेचे. पुण्याच्या संस्थेने "दामिनी" नावाची मोबाईल सेवा तयार केली आहे. ती जवळपासच्या विजेची सूचना देते.

येथे काही बुजुर्गांच्या मनात एक प्रश्न येईल. पाऊस अल्लाहच्या हुकमाने पडतो. मग हे अंदाज आणि गणित कशाला? मी आलिम नाही, परंतु नम्रपणे एवढेच म्हणतो. कुरआन शरीफमधील एका सूरहचे नावच "रअद" म्हणजे मेघगर्जना आहे. वारे, ढग आणि पाऊस यांकडे पाहून विचार करण्याचा आदेश आपल्याला आहे. आणि "मान्सून" हा शब्द मुळात अरबी "मौसिम" आहे. वाऱ्यांचे मौसम ओळखून अरब खलाशी शतकानुशतके आपल्या किनाऱ्यावर येत होते. त्यांनी दुआही केली आणि शीडही वेळ पाहूनच उभारले. पाऊस लांबला की आपण ईदगाहवर जाऊन नमाज-ए-इस्तिस्का अदा करतो. ती जरूर करावी. परंतु उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही शिकवणही आपल्याच घरची आहे. पेरणीची वेळ पाहणे म्हणजे उंट बांधणेच होय.

शेवटी संस्थेकडे एक विनंती आहे. शाळेच्या मोकळ्या पटांगणात, झाडे आणि भिंती यांपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. खर्च फार नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे, विद्यार्थ्यांनी पाऊस मोजून वहीत लिहावा. शेजारी तीन गोष्टींची नोंद असावी: ढग कोणत्या दिशेने आले, गडगडाट झाला की नाही, आणि पाऊस किती वेळ चालला. चार-पाच वर्षांत त्या वहीत ओल्या आणि कोरड्या पंधरवड्यांचे पट्टे स्पष्ट दिसू लागतील. कँटन बेटावरील नोंदींत मॅडन आणि ज्युलियन यांनी जे पाहिले, त्याची एक झलक वर्ध्याच्या मुलांना स्वतःच्या हस्ताक्षरात दिसेल. मोठे शोध अशाच कंटाळवाण्या, रोजच्या, प्रामाणिक नोंदींतून लागले आहेत.

आणि पालकांना एक विनंती. पाऊस फसवील, कधी ना कधी फसवीलच. दुबार पेरणीची वेळ येईल, हात आखडता घ्यावा लागेल. त्या वेळी काटकसरीची यादी कराल, तेव्हा मुलीच्या शाळेचे नाव तिच्यात सर्वांत वर लिहू नका. शक्य असेल तर लिहूच नका. पीक एका हंगामाचे असते. तालीम सर्व हंगामांची असते.

आपा आता आजी झाली आहे. तिची नात याच जिल्ह्यात नववीत शिकते. गेल्या जूनमध्ये पहिला गडगडाट झाला तेव्हा घरातील पुरुषमंडळी ट्रॅक्टर सांगायला निघाली होती. नातीने मोबाईलवर गुरुवारचा अंदाज वाचला आणि म्हणाली, "अजून दहा दिवस थांबा." आपाने त्यांना दारातच थांबवले. बियाण्याची पोती घरात राहिली. त्या वर्षी दुबार पेरणी झाली नाही, आणि कुणाची शाळाही सुटली नाही.

पर्जन्यमापक बसला तर त्याची पहिली नोंद एखाद्या मुलीच्या हातून व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.